आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचंय? गावाकडून निघणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर

बीएचा निकाल लागला की घाटंजीकडची पोट्टे-पोट्ट्या मला विचारायला येतात, "मॅडम, ते इंटरनॅशनल रिलेशन्स शिकून करायचं काय?" सोबत आलेल्या बापाचा प्रश्न त्याहून नेमका असतो: "याच्यात नोकरी लागते का नाई, थे सांगा." दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

मी मराठी माध्यमाची. तालुक्याच्या कॉलेजात बीए केलं, मग दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत, आंतरराष्ट्रीय संबंधात एमए, त्यानंतर काही वर्षं तिथेच एका संशोधन संस्थेत काम. आता यवतमाळ जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. माझं म्हणणं थोडक्यात असं: हा विषय आपल्या शेताच्या धुऱ्यापासून सुरू होतो, त्यामुळे तो दिल्लीकरांचा म्हणून सोडून देऊ नका. आणि भारतीय परराष्ट्र सेवा हा त्याचा एकच दरवाजा आहे असं समजून त्यात शिरूही नका.

विषय नेमका कशाचा?

देश एकमेकांशी कसे आणि का वागतात, याचा. तुरीचं उदाहरण घ्या. 2015 मध्ये तूरडाळ शहरात किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली आणि ओरड झाली. जुलै 2016 मध्ये भारताने आफ्रिकेतल्या मोझांबिकशी करार केला. पाच वर्षांत तिथून येणारी तूर वाढवत वर्षाला 2 लाख टनांपर्यंत न्यायची, असं ठरलं. नेमकं त्याच हंगामात आपल्याकडे पाऊस बरा झाला आणि तूर उदंड पिकली. 2017 च्या उन्हाळ्यात नाफेडच्या केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला म्हणून मोजमाप थांबलं, लोक पोत्यांवर झोपले. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5050 रुपये होता आणि व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. आमच्या घरची तूरही त्या रांगेत होती.

आता प्रश्न विचारा. एखादा देश पाच वर्षांसाठी आपले हात का बांधून घेतो? मोझांबिकचा शेतकरी मुख्यतः आपल्या बाजारासाठी तूर लावतो, मग उद्या आपण आयात बंद केली तर त्याचं काय? 2021 मध्ये हाच करार पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवला, तो कोणाच्या फायद्याचा? 2023 च्या शेवटी भारतासाठी निघालेली तूर मोझांबिकच्या नाकाला बंदरात तिथल्या कंपन्यांच्या भांडणात अडकली, तेव्हा दिल्लीने कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोलायचं? वास्तववादी सिद्धान्त म्हणतो, प्रत्येक राष्ट्र आधी स्वतःची सुरक्षा बघतं, आणि अन्न हीसुद्धा सुरक्षाच. उदारमतवादी म्हणतो, व्यापार आणि करार राष्ट्रांना एकमेकांत गुंतवतात, त्याने भांडणं कमी होतात. राजकीय अर्थशास्त्राचा अभ्यासक विचारतो, फायदा कोणाचा आणि भुर्दंड कोणावर? एमएच्या पहिल्या सत्रात हेच शिकवतात, फक्त उदाहरणं युरोपची असतात. तुम्ही तुरीचं घेऊन जा.

वरूड-मोर्शीच्या संत्र्याचं तसंच. आपल्या संत्र्याचा मोठा ग्राहक बांगलादेश. त्याने 2019 ते 2023 या काळात आयात शुल्क चार पटींहून जास्त वाढवलं आणि इथल्या बागांतला भाव पडला. कापसाचं तर विचारूच नका. 2003 मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या, मुख्यतः अमेरिकेच्या, कापूस अनुदानाविरुद्ध आवाज उठवला. तिथला कापूस उत्पादक आणि पांढरकवड्याचा कापूस उत्पादक एकाच जागतिक भावाखाली दबलेले आहेत, हे मला पहिल्यांदा दिल्लीच्या वर्गात कळलं आणि त्या दिवसापासून हा विषय मला सोडवेना. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं आणि त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढलं. या दोन बातम्या एकत्र ठेवून वाचता आल्या की समजा, तुमचा अभ्यास सुरू झाला.

बीएला काय घ्यावं

राज्यशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र ही तिन्ही असतील तर उत्तम. अर्थशास्त्र कठीण म्हणून सोडून देतात, ते सोडू नका. पुढे व्यापार आणि शुल्क समजून घेताना तेच कामी येतं. बीएससी किंवा बीकॉम झालेल्यांनीही खचून जाऊ नये, आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एमएला बऱ्याच ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या राज्यशास्त्राचा पहिला धडाच 1991 नंतरच्या जगावर आहे, तिथून सुरुवात करा. मग एनसीईआरटीचं बारावीचं जागतिक राजकारणावरचं पुस्तक वाचा. ते संकेतस्थळावर फुकट आहे आणि हिंदीतही आहे. त्यापुढे इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या एमए राज्यशास्त्राचं साहित्य त्यांच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर मोफत मिळतं. माझ्या मते शिकवणीला पैसे घालण्याआधी हे तिन्ही संपवावं.

शिकायचं कुठे

सरकारी विद्यापीठात. हे मी ठासून सांगते, कारण खासगी विद्यापीठांची माहितीपत्रकं फार देखणी असतात आणि फी लाखांत असते. तीन एकर कोरडवाहूवर कर्ज काढून तिथे जाऊ नका.

दिल्लीच्या जेएनयूमधलं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज हे देशातलं या विषयाचं सगळ्यात नावाजलेलं ठिकाण. 1955 मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झालं, 1970 मध्ये जेएनयूत सामील झालं. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांची पीएचडी इथलीच. शिकवणी शुल्क वर्षाला काही शे रुपये आहे. खरा खर्च मेसचा आणि राहण्याचा, आणि वसतिगृह मिळेपर्यंतचे पहिले काही आठवडे जड जातात. तेवढ्या दिवसांचे पैसे आधीच बाजूला ठेवा. त्या वेळी मराठी मुलांचा गट फार उपयोगी पडतो. जाण्याआधीच कोणीतरी वरच्या वर्गातलं शोधून ठेवा.

दिल्लीतच सार्क या दक्षिण आशियाई संघटनेतल्या देशांनी 2010 मध्ये सुरू केलेलं साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे. तिथे शेजारच्या बाकावर नेपाळ, बांगलादेश, श्रीलंकेची मुलं असतात आणि या विषयासाठी हे फार मोठं शिक्षण आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात या विषयाचा जुना विभाग आहे. पाँडिचेरी विद्यापीठ आणि गुजरात, केरळची केंद्रीय विद्यापीठंही चांगली. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तोही जवळचाच विषय. घर सोडणं शक्यच नसेल तर नागपूर किंवा अमरावती विद्यापीठातून राज्यशास्त्रात एमए करा आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे पेपर मन लावून घ्या. त्यात कमीपणा काही नाही. पुढच्या बहुतेक नोकऱ्यांना तेवढं पुरतं.

जेएनयू आणि बहुतेक केंद्रीय विद्यापीठांचा प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे आपल्याकडे कापूस वेचणी आणि तूर सोंगणी सुरू असते तेव्हा. परीक्षा मार्चच्या आसपास. प्रश्न बहुपर्यायी, चुकलं की गुण कापतात. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर लागतो, ते त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकातून उतरवून घ्या. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर हे सोडू नका. पेपर चुकला तर कितीही गुण पडोत, प्रवेश नाही.

अजून एक बारकावा. मिळणाऱ्या पदवीचं नाव काय असेल, ते प्रवेशाआधी बघा. पुढे महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या जागेसाठी अर्ज करायचा असेल, तर पदवीच्या नावात राज्यशास्त्र किंवा पॉलिटिक्स असलेलं बरं. नुसतं इंटरनॅशनल स्टडीज असलं की छाननीत प्रश्न निघतो.

इंग्रजीचं काय?

सगळ्यात जास्त भीती याचीच. वाचायला इंग्रजी लागतंच, त्याला पर्याय नाही. पण बोलण्याची ऐट लागत नाही, समजून वाचणं आणि सरळ लिहिणं लागतं. ते घरबसल्या कसं करायचं, ते सांगते.

परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दर आठवड्याच्या पत्रकार परिषदेचं संपूर्ण शब्दांकन असतं. दोन देशांचे नेते भेटले की निघणारं संयुक्त निवेदनही असतं. आठवड्याला एकच घ्या. आधी मराठी पेपरात त्याच भेटीची बातमी वाचा, म्हणजे विषय डोक्यात बसतो. मग मूळ इंग्रजी निवेदन वाचा.

नमुना म्हणून 25 फेब्रुवारी 2022 चं प्रकरण घ्या. रशियाने युक्रेनवर केलेल्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावाला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या 15 पैकी 11 देशांनी पाठिंबा दिला. रशियाने नकाराधिकार वापरला. भारत, चीन आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ राहिले. भारताने आपण तटस्थ का राहिलो, याचं छोटंसं निवेदन दिलं, जेमतेम एका पानाचं. त्यात हिंसा तातडीने थांबवा असं आहे, तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांची काळजी आहे, सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडतेचा आदर करा असं आहे, मुत्सद्देगिरीचा मार्ग सोडला गेला याची खंत आहे. रशियाचं नाव मात्र कुठेही नाही. शेत घेताना आपण सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना आधी बघतो ना, तसं हे कागद वाचायचे: काय लिहिलंय, आणि काय लिहिलेलं नाही.

वहीत तीन रकाने पाडा. काय म्हटलं, काय टाळलं, का टाळलं असेल. तिसऱ्या रकान्यात डोकं चालवावं लागतं. रशियाकडून आपण शस्त्रं घेतो, चीनच्या सीमेवर 2020 पासून ताण आहे, वीस हजारांच्या आसपास भारतीय मुलं युक्रेनमध्ये होती. हे सगळं आठवलं की उत्तर सापडत जातं. मग त्यावर दोनशे-तीनशे शब्द स्वतःच्या इंग्रजीत लिहा. सुरुवातीला मोडकंतोडकं होईल. चालेल. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्षभर हे केलं, घरी म्हशीचं दूध काढून झाल्यावर, सकाळी. तिचा तिसरा रकाना आता माझ्यापेक्षा चांगला असतो.

दुसरी परदेशी भाषा जमली तर फारच छान. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात चिनी, जपानी, स्पॅनिश, फ्रेंच यांसारख्या भाषांचे अभ्यासक्रम चालत आले आहेत. यवतमाळहून एसटीने जाता येण्यासारखं केंद्रीय विद्यापीठ आहे ते, आणि आपल्या फार कमी मुलांना हे माहीत असतं.

मग नोकरी?

परराष्ट्र सेवेचं आधी सांगून टाकते. त्यासाठी यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, आणि कोणतीही पदवी चालते. आंतरराष्ट्रीय संबंधातलं एमए सक्तीचं नाही. मुख्य परीक्षेत राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा असतो आणि सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरातही हा भाग येतो, त्यामुळे एमएचा उपयोग होतो. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. प्रश्नपत्रिका मात्र हिंदी-इंग्रजीत येते, शिवाय इंग्रजीचा एक पात्रता पेपर पार करावाच लागतो. वयाची अट 21 ते 32, ओबीसींना 35 पर्यंत, अनुसूचित जाती-जमातींना 37 पर्यंत. निवड झाली की आधी मसुरीला प्रशिक्षण, मग दिल्लीची सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, आणि त्यानंतर वाट्याला आलेली परदेशी भाषा शिकायची.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे याच वाटेने न्यूयॉर्कला भारताचे कॉन्सुल जनरल झाले. गावातला मुलगा तिथे पोचतो, यात शंका नाही. पण अलीकडच्या वर्षांत या सेवेत जागा साधारण 35 ते 55 असतात आणि परीक्षेचे अर्ज दहा लाखांच्या घरात. म्हणून सगळी वर्षं त्याच एका दावणीला बांधून घेऊ नका. तयारीसाठी सरकारी मदत आहे, ती घ्या: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी-भटक्यांसाठी नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. नागपूर आणि अमरावतीलाही राज्य सरकारची भारतीय प्रशासकीय सेवा पूर्वप्रशिक्षण केंद्रं आहेत, त्यांची प्रवेश परीक्षा असते.

आपल्याकडे जवळजवळ कोणी बोलत नाही अशी एक वाट आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येतं. पदवी पुरते, वय 20 ते 30 आणि आरक्षणाप्रमाणे सवलत. मूळ वेतन 44,900 रुपयांपासून, आणि पुढे परदेशातल्या भारतीय दूतावासांत नेमणुका होतात, तेव्हा वेगळा परदेश भत्ता. परीक्षा मुख्यतः गणित, बुद्धिमापन आणि इंग्रजीची असते. ज्याचं दहावीचं गणित पक्कं आहे, त्याने यूपीएससीच्या आधी इकडे बघावं असं माझं स्पष्ट मत आहे. पोलीस भरती आणि तलाठी भरतीसाठी पहाटे उठणारी आपली मुलं कष्टाला कमी नाहीत. ही जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

संशोधनाची आवड असेल तर दिल्लीत 1943 मध्ये स्थापन झालेली इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स आहे, संरक्षण विषयावरची मनोहर पर्रीकर संस्था आहे, मुंबईत गेटवे हाउस आहे. इथे कामाला घेताना तुमचं लिहिलेलं मागतात. वर सांगितलेली वही तिथे कामी येते: त्यातल्या चांगल्या टिपणांचे दोन नीट लेख करून ठेवा. विषय तुमचाच घ्या. "बांगलादेशचं संत्र्यावरचं शुल्क आणि भारताची शेजारनीती" असा लेख दिल्लीतला मुलगा लिहू शकणार नाही, कारण मोर्शीच्या बागेत तो उभा राहिलेला नाही. या नोकऱ्या बहुधा कराराच्या असतात, पगार बेताचा असतो, पण दोन-तीन वर्षांत हात लिहिता होतो.

परराष्ट्र मंत्रालय स्वतः इंटर्नशिप देतं. महिना 10,000 रुपये मानधन आणि येण्याजाण्याचं विमानभाडं. सगळ्या राज्यांना वाटा असतो आणि आकांक्षित, म्हणजे केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांतल्या उमेदवारांना प्राधान्य. विदर्भातले गडचिरोली आणि वाशीम या यादीत आहेत. त्या दोन जिल्ह्यांतल्या पदवीधरांनी अर्ज न करणं म्हणजे हातचं घालवणं आहे. नियम बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचूनच भरा.

प्राध्यापकीसाठी नेट ही देशपातळीवरची किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा. महाराष्ट्राची सेट राज्यशास्त्रात मराठीतून देता येते, हा आपल्याला मोठा आधार. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पीएचडी करताना महिन्याला 37,000 रुपये मिळतात, आणि शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलीला "आता लग्न कर" म्हणणाऱ्यांपुढे उभं राहायला हे पैसे फार बळ देतात. पण एक गोष्ट लपवणार नाही: आमच्याकडे नेट-सेट, पीएचडी झालेली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताहेत, जून उजाडला की पुन्हा मुलाखतीला उभी राहताहेत. नुसत्या प्राध्यापकीच्या आशेवर येऊ नका.

आणि व्यापार. माझ्या दृष्टीने विदर्भातल्या मुलांसाठी हे सगळ्यात मोकळं रान आहे. शेतकरी उत्पादक कंपन्या गावोगावी झाल्या, पण कोणत्या देशाने कोणता कर लावला, कीटकनाशकाच्या अंशाची कोणती मर्यादा ठेवली, कोणता करार होऊ घातलाय, हे वाचून सांगणारं माणूस त्यांच्याकडे नसतं. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेचे नियम, आयात-निर्यात कोड, नागपूरचं विदेश व्यापार कार्यालय यांची ओळख करून घ्या. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या जोडीला निर्यातीचा एखादा छोटा अभ्यासक्रम केला, तर गावाजवळ राहून जगाचं काम करता येतं. संयुक्त राष्ट्रांच्या नोकऱ्यांबद्दल मुलं फार विचारतात. तिथे पदव्युत्तर पदवीसोबत कामाचा अनुभव लागतो, तेव्हा आधी इथल्या एखाद्या संस्थेत काही वर्षं काम करा, मग बघा.

कागदपत्रं, आजच

हुशार मुलांचे प्रवेश कागदांपायी अडकलेले मी पाहिले आहेत. ओबीसींनी लक्षात ठेवा, केंद्रीय विद्यापीठाला आणि केंद्राच्या परीक्षांना राज्याचं नॉन-क्रिमिलेअर चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि ते ताज्या आर्थिक वर्षाचं मागतात. सेतू केंद्रात अर्ज करताना "केंद्र शासनाच्या नमुन्यात" असं स्पष्ट सांगा, आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का तेही आधी तपासा. ईडब्ल्यूएसचंही दर वर्षी नवं काढावं लागतं.

पासपोर्ट बीएला असतानाच काढून ठेवा. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये आहे. अर्जाआधी दहावीची गुणपत्रिका, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला समोर ठेवून नावाचं इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. आपल्याकडे आधारवर आडनाव आधी, गुणपत्रिकेवर शेवटी, आणि वडिलांच्या नावापुढे कुठे "राव" आहे कुठे नाही, असं सर्रास असतं. दुरुस्तीला महिने जातात. घरी दहावीतली भावंडं असतील तर बोर्डाचा फॉर्म भरतानाच त्यांचं स्पेलिंग शाळेत जाऊन बघून या, तिथे चुकलं की पुढे सगळीकडे चुकतं.